‘जिया’ आणि एकादशीची कणीक

रांजणगावच्या कंपनीत नवं मशीन बसवायला सर्बियाहून एक इंजिनिअर आला होता. मी मराठीत एम.ए. करून तिथं स्टोअर सांभाळत होतो. कंपनीच्या बसमध्ये तो हटकून माझ्या शेजारी बसायचा आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमच्या गप्पा रंगायच्या. एकदा मी म्हटलं, आमच्याकडं मशाल धरणारा मशालची, तबला वाजवणारा तबलची. तो सीटवरून उडालाच. त्याच्या भाषेत कॉफीवाला ‘काफेजिया’ आणि भांडखोर ‘कावगाजिया’! आमचा ‘ची’ आणि त्यांचा ‘जिया’ एकाच तुर्की घरातले. इकडं तो प्रत्यय फारसीच्या हातून आला आणि चार शब्दांपुरता उरला. तिकडं मात्र अजून कुठल्याही नव्या शब्दाला चिकटतो. हे धन आम्हा दोघांचं, असं मी धरून चाललो होतो.

आणि माझ्या चुलतभावानं त्याला परस्पर आमच्या गावी, खुटबावला, एकादशीच्या भजनाला बोलावलं! चुलतभाऊ त्याच कंपनीत फिटर आणि गावच्या भजनात पखवाजाला. माझा नुसता जळफळाट झाला.

पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापतात, तेव्हाच तो घुमतो. उपासाच्या दिवशी गहू कशाला, म्हणून वहिनींनी राजगिऱ्याचं पीठ मळून दिलं होतं. राजगिऱ्याला कुठला गव्हाचा चिकटपणा! दुसऱ्या थापेलाच गोळा सुटून चुलतभावाच्या मांडीवर पडला. सगळे हसले. खरं सांगतो, मला गार वाटलं.

“बघत काय बसलायस? पळ, घरनं गव्हाची कणीक आन!” तो माझ्यावरच खेकसला.

पाहुण्यादेखत नाही कसं म्हणणार? आणली. माझ्याच हातानं थापली. पखवाज असा बोलला की पाहुणा उठून उभा राहिला.

“पखवाजजिया!” म्हणत त्यानं चुलतभावाला मिठी मारली. कोरा करकरीत शब्द, तोही आमच्या ‘जिया’चा, आणि गेला कुणाच्या पदरात! मी तोंड फिरवून हाताची कणीक खरवडत बसलो.

पाहुण्यानं माझा चेहरा पाहिला. जवळ येऊन हसत म्हणाला, “इनाजिया.”

हा शब्द त्यानं मला बसमध्येच शिकवला होता. ईर्षेला पेटून स्वतःचंही वाटोळं करील, पण हटणार नाही, असा माणूस.

“काय म्हणला रं त्यो? मलाबी सांग की,” चुलतभाऊ म्हणाला.

“काय न्हाई दादा. कणीक आणणाऱ्याला म्हणत्यात तसं.”

खरा अर्थ त्याला मी अजूनही सांगितलेला नाही. एक तरी ‘जिया’ माझ्या एकट्याचा राहू दे.