निवडुंगाचं पथ्य

बाकी सगळ्यांनी त्याला मेलेला ठरवलं होतं. सुनंदाताईंनी बोट लावून पाहिलं.

तो म्हणजे माझा निवडुंग. आणि सुनंदाताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

लग्न होऊन मी खारबावहून भिवंडीत, निजामपुऱ्यात आले, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बाबांनी तुपाच्या रिकाम्या डब्यात लावलेला एक उभट कॅक्टस माझ्या सामानात ठेवला. आई म्हणाली, "अहो, पोरीला काटेरी झाड काय देताय?"

बाबा म्हणाले, "त्याचं काय करावं लागत न्हाय. नवीन घरात तेवढंच एक काम कमी."

पहिल्याच वर्षी बाबा गेले. त्यानंतर माझा जीव त्या डब्यात अडकला.

आणि नेमका तोच पिवळा पडायला लागला. अंगावर सुरकुत्या आल्या, मग एका बाजूला कलला.

निजामपुऱ्यात गल्लोगल्ली यंत्रमाग, त्यामुळे कशाचंही खापर आधी लूमवर फुटायचं. खोकला आला, लूम. डोकं दुखतंय, लूम. आमचे हे म्हणाले, "काट्यांत लूमची रुई अडकलीय, श्वास कोंडला असेल त्याचा." शेजारच्या खाला म्हणाल्या, "अरे, पानी डालो बेचारे को, सूख गया है." सुरकुत्या बघून मलाही तेच वाटत होतं.

ताई शाळेत शिकवायच्या. दुपारी घरी आल्या आणि खांद्यावरची पर्स न काढताच गॅलरीत उकिडव्या बसल्या. काटे चुकवून बुडाशी बोट दाबलं.

बोट आत गेलं.

"वास घे."

घेतला. कुजका.

"हा तहानलेला नाही गं. मुळं कुजलीत म्हणून वर पाणी पोचत नाहीये." मग डबा तिरका करून तळ बघितला. "ह्याला भोक कुठाय? पाणी जाणार कुठून?"

बाबांकडे बिनभोकाचा डबा चालून गेला, कारण ते पाणी जवळजवळ घालतच नसत.

"इथे पाणी कोण घालतं?"

"मी तर कधीतरीच. माती सुकली की."

"ही सुकलेली आहे?"

माती चिखल झाली होती. "मग दुसरं कुणीतरी घालतंय," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत उभ्या राहिलो.

अण्णा, म्हणजे आमचे सासरे, आंघोळ करून गॅलरीत आले. मुळात अबोल माणूस, माझ्याशी तर जास्तच. तुळशीला पाणी घातलं, हात जोडले. तांब्यात उरलेलं पाणी शेजारच्या निवडुंगाला घातलं.

त्यालाही हात जोडले.

ताई बाहेर गेल्या. "अण्णा, ह्याला रोज पाणी घालता?"

अण्णा जरा ओशाळले. "व्याह्यांचं झाड आहे. ते दारात आले की आपण आधी पाणी पुढे करायचो ना. आता ते यायचे नाहीत. म्हणून त्यांच्या नावानं घोटभर."

मी खिडकीतच उभी राहिले. बाबा गेल्यापासून हा माणूस त्यांच्याबद्दल माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मी पदर डोळ्यांना लावला.

दुसरी कुणी असती तर सरळ म्हणाली असती, अण्णा, तुमच्यामुळेच सडलं.

ताई म्हणाल्या, "अण्णा, तो सध्या पथ्यावर आहे. तुमचं मीठ कमी, त्याचं पाणी बंद. व्याह्यांचं पाणी पलीकडच्या जास्वंदीला घालाल का?"

अण्णांचं ब्लडप्रेशर तेव्हा नुकतंच निघालं होतं. पथ्य म्हटल्यावर त्यांना लगेच पटलं. "हो हो, पथ्य पाळायलाच हवं," म्हणाले, आणि उरलेला थेंबही जास्वंदीला दिला.

ह्याला म्हणतात माणूस ओळखणं. मी आजही ताईंच्या त्या ओळखण्याला मनातल्या मनात हात जोडते.

रविवारी ताईंनी निवडुंग कापायला घेतला. सुरी उकळत्या पाण्यातून काढलेली, हाताला जुना टॉवेल गुंडाळलेला. खालून एकेक चकती कापत गेल्या. मधोमध तपकिरी डाग दिसला की अजून एक. माझा जीव टांगणीला. शेवटी वरचा वीतभर तुकडा उरला, आतून स्वच्छ.

तो त्यांनी पेपरवर, सावलीत, आडवा ठेवून दिला.

"माती?"

"नाही."

"थोडं तरी पाणी, ताई."

"जखम ओली आहे अजून. आता माती दिलीस तर परत सडेल. सुकू दे. कळ काढ."

मी काढली. रोज जाऊन बघायचे. कापलेली जागा सुकून कडक झाल्यावर ताईंनी भोक असलेली कुंडी आणली, भोकावर खापरीचा तुकडा, वर जाड रेती, विटेचा चुरा आणि नावाला माती. तुकडा त्यात उभा केला. तेव्हाही पाणी नाही.

बऱ्याच दिवसांनी एकदा त्यांनी मला हाक मारली. "ये, हळूच ओढून बघ."

ओढला. हलला नाही.

"धरलीन् मुळं. बाबा आले बघ तुझे."

त्या दिवशी मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. कामवाली बघत होती, ताई तिला म्हणाल्या, "काही नाही गं, रुई गेली डोळ्यात."

पुढे अण्णा गेले. आम्ही सगळे भिवंडीतच टेमघरला राहायला आलो. निवडुंग आला, त्याची पिल्लं आली, जास्वंदीची फांदीही आली.

आज वर्षश्राद्ध. पाहुणे जेवून गेल्यावर मी तांब्या घेऊन गॅलरीत गेले. ताईंच्या नावानं घोटभर घालावं म्हणून.

त्यांनीच लावलेली सवय, आधी मातीला बोट लावलं.

माती ओली होती.

मागे त्यांचा मंदार उभा. पन्नाशीला आलेला मुलगा, खाली बघत म्हणाला, "काकू, मीच घातलं. आठवडाभर रोज घालतोय. आईच्या नावानं."

मी तांब्या त्याच्या हातात दिला.

"त्याला पथ्य आहे रे. तुझ्या आईनंच सांगितलेलं. जास्वंदीला घाल."

त्यानं घातलं. मग आम्ही दोघांनी निवडुंगाच्या बुडाशी बोट दाबून पाहिलं.

ताई, घट्ट आहे. काळजी करू नका.

तुमच्या नावाचं पाणी जास्वंदीला पोचलंय. तुम्हाला मनापासून नमस्कार.