एका ओळीपुरतं नाव

शमुवेल सर गेल्याचा त्यांच्या पत्नीचा, मार्थाबाईंचा फोन आला तेव्हा मी पारनेरच्या बाजारात मेथीची जुडी निवडत उभा होतो. महिना होऊन गेला, पण बाजारात शिरलं की तो फोन पुन्हा वाजेल असं वाटतं...

सर तरुणपणी चर्चचे पाळक व्हायचं म्हणून, बायबल मुळातून वाचता यावं यासाठी ग्रीक शिकले. पाळक काही झाले नाहीत, आमच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर झाले. ग्रीक मात्र सुटलं नाही. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. मधल्या सुट्टीत डबा खाताना ते मला जुन्या ग्रीक महाकाव्यांतली नावं फोडून दाखवायचे. दोन शब्द जोडून एक नाव. कुणात घोडा, कुणात लढाई, कुणात कीर्ती. मुलाच्या नावात पुष्कळदा बापाचंच वर्णन. बाप दूर लढायला गेलेला, म्हणून मुलगा 'दूर लढणारा'. पण सरांचा जीव अडकायचा तो किरकोळ सैनिकांत. "एका ओळीत येतो आन् तिथंच मरतो बघा. तरी कवी त्याला नाव देतो, बापाचं नाव सांगतो. बिननावाचा सहसा मरू देत न्हाई."

मला ही सारी विद्वत्तेची हौस वाटायची. एकदा त्यांनी विचारलं, "त्या पद्धतीनं मराठीत एक नाव बनवून द्याल का? मुलाचं."

"कुणाच्या मुलाचं?"

"माझ्या. दोन दिवसांचा गेला, लई वर्षं झाली. रविवारी बाप्तिस्मा हुता, नाव तवाच ठरायचं हुतं."

मी दीडशहाणा. म्हणालो, "सर, आता त्याला हाक कोण मारणार आहे?"

ते हसले आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्यानंतर त्यांनी नावांचा विषय काढला नाही. मीही माफी मागितली नाही, याची आज लाज वाटते.

सरांना त्या लहानग्याच्या शेजारीच पुरलं. परवा मार्थाबाईंनी नागापूरहून दगड कोरणारा बोलावला. त्यानं सरांचं नाव लिहून घेतलं, मग बाजूच्या लहान ढिगाऱ्याकडे पाहिलं. "ह्याचं काय टाकायचं?"

मार्थाबाई माझ्याकडे वळल्या. "सर मरेपत्तर म्हनायचे, त्याचं नाव तुमी देनार हाय."

मी आठ दिवस मागून घेतले. तेव्हापासून शब्दाला शब्द जोडून पाहतोय. बाप कसा होता ते मुलाच्या नावात यायला हवं. सर वाट पाहत राहिले, माझीच. ते त्या पोराच्या दगडावर मी कोणत्या तोंडानं लिहू?