मिळाली तर जोड, नाही तर पुढं चल

मंचरमधल्या आमच्या छोट्या कंपनीत विहिरीवरच्या मोटारी मोबाइलवरून चालू-बंद करणारी पेटी बनते. पेटीतलं सॉफ्टवेअर माझ्याकडं आहे. पहिली काही वर्षं ते माझ्याच लॅपटॉपवर तयार व्हायचं. यंदा त्यासाठी वेगळं मशीन घेतलं, आणि सॉफ्टवेअरच्या कुठल्या पॅकेजला, म्हणजे आयत्या तुकड्याला, आणखी कोणकोणती पॅकेजेस लागतात, हे मला फाइलमध्ये नव्यानं लिहून द्यावं लागलं. मी आठवेल तसं लिहिलं. हे सगळे तुकडे जोडून सॉफ्टवेअर तयार करणारा बिल्ड पहिल्याच झटक्यात हिरवा झाला, कुठंही अडला नाही, आणि मी खूश झालो.

नवीन सॉफ्टवेअर निघालं की ते सगळ्यात आधी चुलतभावाच्या पेटीवर टाकायचं, ही माझी सवय. याही वेळी तेच केलं होतं. त्याची विहीर खोडदच्या अलीकडं आहे. काही बिघडलंच तर तो शिव्या घालेल, पण कंपनीकडं तक्रार करणार नाही, हा त्यामागचा हिशेब. तो मी त्याला कधी सांगितला नव्हता.

त्या सकाळी त्याचा मेसेज आला होता. मोटारीची जाळी चोकलीय, विहिरीत उतरतोय, लॉक टाकलंय. मी अंगठा पाठवला.

लॉक म्हणजे ‘आत माणूस आहे, काही झालं तरी मोटार सुरू करू नको’ असा पेटीला दिलेला हुकूम. पूर्वी आमच्याकडं विहिरीत उतरणारा माणूस बोर्डावरच्या फ्यूजच्या ग्रिपा काढून स्वतःच्या खिशात घालायचा, आणि मगच शिडीला हात लावायचा. पेटी बसवली त्या दिवशी मीच हसून म्हणालो होतो, "दादा, आता हे खिसे भरणं बंद कर."

त्यानं बंद केलं.

बाकीच्या गिऱ्हाइकांना तेच सॉफ्टवेअर पाठवायचं होतं, म्हणून मी बिल्डच्या नोंदींचा लॉग वरवर चाळत होतो. त्यात एक ओळ दिसली. लॉक पेटीच्या कायमच्या मेमरीत लिहून ठेवणारी लायब्ररी, म्हणजे असंच एक पॅकेज, या मशीनवर सापडली नव्हती, म्हणून तो भाग वगळला होता. ना लाल अक्षरं, ना इशारा. मीच एकेकाळी कंटाळून तसं लिहिलं होतं: मिळाली तर जोड, नाही तर पुढं चल. माझ्या लॅपटॉपवर ती लायब्ररी मी कधीतरी हातानं टाकलेली होती, त्यामुळं ती रोज मिळत गेली. नव्या मशीनच्या फाइलमध्ये तिचं नाव लिहायचं मला सुचलंच नाही.

म्हणजे दादाच्या पेटीतलं लॉक फक्त लाइट असेपर्यंतचं होतं. लाइट गेली की पेटी ते विसरणार. लाइट परत आली की थोडं थांबून मोटार आपोआप सुरू करणार.

दादाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. विहिरीत रेंज कुठली? स्क्रीनवर त्याची पेटी राखाडी दिसत होती, म्हणजे तिकडं लाइट नव्हती. मी मोटार बंदचा आदेश पाठवला. तो वाटेतच अडकून राहिला. झोपलेल्या पेटीला तो कोण देणार?

मग वहिनीला लावला. तिनं बऱ्याच वेळानं उचलला.

"काय भाऊजी, आज बरी आठवण झाली गरिबाची?"

"वहिनी, दादा वर आला का?"

"न्हाई अजून. लाइट गेली म्हणून निवांत बसलं असंल पायऱ्यांवर बिड्या फुकत. का वो?"

"विहिरीवर पळ. मेन स्विच पाड. आधी स्विच, मग त्याला हाक मार."

"लॉक टाकलंय ना त्यांनी?"

"लॉक नाही राहिलेलं. पळ तू."

फोन हातात तसाच धरून ती पळत असावी. बांगड्या ऐकू येत होत्या, धाप ऐकू येत होती, मग खरखर झाली आणि फोन कटला. परत लावला तर लागेना.

पेटी हिरवी झाली.

लाइट आली होती. मी बंदचं बटण दाबलं, परत दाबलं. ‘पाठवला’ एवढंच दिसत होतं. ‘मिळाला’ येईना. लाइट आल्यावर मोटारीनं किती थांबायचं, तो वेळही मीच ठरवलेला, आणि गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून कमी केलेला. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी मुलीनं विचारलं, "सर, बाकीच्यांना पाठवू का?" मी नुसता ‘थांब’ असा हात केला.

पेटी पुन्हा राखाडी झाली. वहिनीनं स्विच पाडला होता, की लाइटच परत गेली होती? स्क्रीनवरून दोन्ही सारखंच दिसतं. खुर्चीवरून उठायला हवं होतं, गाडी काढायला हवी होती. मी त्या राखाडी ठिपक्याकडं बघत बसून राहिलो.

फोन वाजला. वहिनीच्या फोनवरून दादा बोलत होता.

"काय रं, पार जीव काढला तिचा. अनवाणी पळत आली. झालंय काय?"

"दादा, तू पाण्यात होतास?"

"गुडघाभर. जाळी हातात व्हती. मोबाइलवर तर लॉक दावत व्हतं."

नेटवर्कचा घोळ आहे, असं म्हणता आलं असतं. नवीन मशीन त्या मुलीनं लावलं होतं, तिचं नाव घेता आलं असतं. शब्द ओठापर्यंत आले होते.

"माझ्याकडनं राहिलं," मी म्हणालो. "लागणारी एक गोष्ट लिहायची राहिली. तुझ्या पेटीवर तेच टाकलं मी."

फोन वहिनीनं घेतला.

"भाऊजी, नवीन काय असलं की आमच्याच पेटीवर पयलं का टाकता?"

"घरचं म्हणून."

"घरचं म्हणून," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

बाकीच्यांना काहीही पाठवायचं नाही, असं मी त्या मुलीला सांगितलं आणि का तेही सांगितलं. मग ती ओळ बदलली: लायब्ररी नसेल तर थांब. बिल्ड लाल होऊन थांबला. फाइलमध्ये नाव घातलं, तेव्हा पुढं गेला. टेबलावरच्या पेटीला लॉक टाकून मी प्लग काढत आणि घालत राहिलो. दर वेळी लॉक टिकलं. तरी मी थांबेना, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "सर, बास की, सॉकेट ढिलं होईल."

रविवारी दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर घेऊन मी खोडदला गेलो. दादानं नेहमीसारखा चहा दिला, टोमॅटोच्या बाजाराचं बोलला. विहिरीवर मात्र आमच्या आधी वहिनी गेली. मी पेटीचं झाकण उघडायच्या आत तिनं मेन स्विच पाडला, आणि माझं काम होईपर्यंत ती स्विचवर हात ठेवून तिथंच उभी राहिली.

"झालं, वहिनी," मी म्हणालो.

"तुमचं झालं असंल," ती म्हणाली. हात तिनं काढला नाही.