निरीक्षण पत्रकावरची सही

बीएस्सीला मायनर म्हणून मी शिक्षणशास्त्र घेतलं ते कुणाला शिकवायची हौस होती म्हणून नाही. एका बाईनं केलेल्या अपमानाचा वचपा काढायचा होता म्हणून घेतलं. आमचं विद्यापीठ रायपूरच्या बाहेर, एवढंसं. त्या वर्गात आम्ही अकरा जण होतो आणि दहा जण 'नंबर आरामात मिळतात' म्हणून आले होते. मला मात्र वरच्या वर्गातल्या एका दीदीनं सांगितलं होतं, की तिसऱ्या सेमिस्टरला शाळेत निरीक्षणाला पाठवतात आणि शाळा आपली आपण निवडायची. त्याच दिवशी मी फॉर्म भरला.

माझी शाळा आमच्या बीरगांवातलीच, हिंदी माध्यमाची. सहावीत गणिताला एक मॅडम होत्या, रायपुरातल्या चौबे कॉलोनीतून स्कूटीवर यायच्या. वर्गात पन्नास पोरं, पण मॅडमचे प्रश्न पुढच्या चार-पाच जणांनाच. मी हात वर करून करून खांदा दुखवून घ्यायची. एकदा चुकून माझ्यावर नजर पडली. मी उठले आणि घाबरून मराठीत 'त्रेसष्ट' म्हणाले. उत्तर बरोबर होतं. मॅडम म्हणाल्या, "घर की बोली घर में छोड़ के आया करो." वर्ग खो खो हसला. त्यानंतर मी हात वर करणं सोडलं. विचारलंच कधी, तर "नहीं आता, मैडम" म्हणून खाली बसायची, वहीत उत्तर लिहिलेलं असलं तरी.

तेवढ्यावर मी कदाचित सोडलंही असतं. पण पालकसभेला बाबा आले, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून सरळ, अंगावर कामाचेच कपडे. मॅडमनी वर न बघता सांगितलं, "गणित इसके बस का नहीं है. सिलाई-विलाई में डाल दीजिए." आणि माझे बाबा, जे कारखान्यात सुपरवायझरशीसुद्धा तोंडाला तोंड देतात, हात जोडून म्हणाले, "जी मैडम. जी मैडम." दोनदा. ते दोन 'जी' मी आठ वर्षं सांभाळून ठेवले. लोक म्हणतात, सुंभ जळतो पण पीळ जात नाही. माझा तर सुंभही जळला नव्हता.

निरीक्षणाची पद्धत सोपी असते. शेवटच्या बाकावर बसायचं, तोंड उघडायचं नाही. कागदावर वर्गाचा नकाशा काढायचा, प्रत्येक मुलाचा एक चौकोन. मुलानं हात वर केला की त्याच्या चौकोनात ठिपका, शिक्षकानं त्याला विचारलं की रेघ. तास संपला की पत्रक शिक्षकाला वाचायला द्यायचं आणि त्यावर त्यांची सही घ्यायची. एक प्रत मुख्याध्यापकांकडे जाते. हे सगळं आमच्या सरांनी शिकवलं तेव्हा बाकीचे जांभया देत होते. मला तर मेजवानीचं आमंत्रण मिळाल्यासारखं झालं.

मी माझीच जुनी शाळा आणि त्याच मॅडमचा तास निवडला. मॅडमनी मला ओळखलं नाही. याचा राग वेगळाच आला. ज्यांच्यावर मी आठ वर्षं डूख धरला, त्यांच्या लेखी मी कुणीच नव्हते. "यूनिवर्सिटी से आई हैं? आइए, आइए," म्हणत त्यांनी चहा मागवला. मी चहा घेतला नाही. शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि पेन उघडलं.

काही बदललं नव्हतं. तेच पुढचे चार-पाच. खिडकीपाशी तिसऱ्या ओळीत एक पोट्टी होती, दोन वेण्या, बाही खांद्यावर उसवलेली. तिचा हात वर जायचा, थांबायचा, खाली यायचा. मी ठिपका द्यायची. खरं सांगते, तिचा हात वर गेला की मला आनंद व्हायचा. चाळीस मिनिटांत सात ठिपके, रेघ एकही नाही. मला याहून चांगला पुरावा मिळाला नसता.

तास संपला. मॅडम न वाचताच सही करायला निघाल्या. मी कागदावर हात ठेवला. "पढ़ लीजिए, मैडम. नियम है."

त्यांनी वाचलं. त्यांचं बोट खिडकीजवळच्या चौकोनावर थांबलं. "ये प्रिंसिपल सर देखेंगे?"

"एक कॉपी जाती है."

"बेटा, इसके डिब्बे में एक-दो लाइन लगा दो न. कल पूछ लूँगी इससे."

"जो हुआ नहीं, वो कैसे लिखूँ?" मी म्हणाले. मग आठ वर्षं घोकलेलं वाक्य काढलं. "आपने मेरे पापा से कहा था, इसको सिलाई में डाल दो. मैं बीएससी कर रही हूँ."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "किस साल में? इतने बच्चे आते हैं, बेटा..." त्यांना खरंच आठवत नव्हतं. पण सही त्यांनी केली. "जी, ठीक है," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला. एक 'जी' वसूल झाला होता. घरापर्यंत मी रस्त्यानं एकटीच हसत आले.

घरी बाबांना पत्रक दाखवलं. कुठली मॅडम ते सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी चष्मा लावला आणि बोट नेमकं त्याच चौकोनावर ठेवलं.

"हे ठिपके कायचे होय?"

"तिनं सात बार हात वर केला, बाबा. मॅडमनं एक बार बी नाही इचारलं."

"मंग तुनं इचारलं?"

"निरीक्षणाले गेल्यावर बोलाचं नसते. नियम हाय."

"तास झाल्यावर बी?"

बाबांनी कागद घडी घालून परत दिला. "मी त्या दिवशी जी-जी काहून केलं मालूम हाय तुले? तुह्यं नाव शाळेतून कटू नये म्हणून. मॅडमची मले काही पडली नोती."

त्या रात्रीचं जेवण मला गोड लागलं नाही. पण मॅडमना मी माफ केलं नाही. आजही केलेलं नाही.

दोन तास नोंदवायचे असतात, म्हणून गुरुवारी परत गेले. यावेळी मॅडमनी फळ्यावर गणित मांडलं आणि माझ्याकडे एक नजर टाकून सरळ खिडकीकडे बोट दाखवलं. "हाँ, तुम बताओ." सगळा वर्ग वळून तिच्याकडे पाहू लागला. ती उठली. तिनं वर्गाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नहीं आता, मैडम."

मॅडमनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी तिच्या चौकोनात रेघ ओढली. पहिली रेघ.

घंटा झाल्यावर मी तिच्या बाकापाशी गेले. वही उघडीच होती. उत्तर लिहिलेलं होतं आणि बरोबर होतं.

"आता तो है तुझे. फिर बोली क्यों नहीं?"

तिनं माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"गलत होता तो आप लिख लेतीं न, मैडम."