गळ्याचं बटण

मस्कतच्या भर जूनमध्येही जज्जभाई शर्टाचं गळ्याचं बटण लावून बसायचे. बघूनच आपला जीव गुदमरायचा. आमच्या अल् खुवैरच्या कंपनीत ते स्टोअरकीपर, मूळचे दापोलीकडचे. हमरियातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या कुणा अमेरिकन जज्जाचं जाडजूड चरित्र आणलं होतं. चित्रातल्या जज्जाचा गळा झाकलेला, म्हणून यांचाही.

शुक्रवारी नमाजानंतर कोकणातल्या पोरांची भांडणं त्यांच्या खोलीवर यायची. निकालाआधी दोघांनी एका ताटात जेवायचं, ही अट. निम्मी भांडणं सुरमईचे काटे काढता काढताच मिटायची.

त्या जज्जाचा त्यांना एकाच गोष्टीसाठी हेवा वाटे. "शेतकऱ्याचा पोर. वकिलाच्या हाताखाली कायदा शिकला. अध्यक्षाने फेडरल कोर्टावर नेमला तो मरेपर्यंत. कुणाच्या बापाला हलवता येत नाही. आणि आपण? दर दोन वर्षांनी व्हिसासाठी अर्बाबच्या तोंडाकडे बघायचं." अर्बाब म्हणजे आमचा ओमानी मालक. व्हिसाचा महिना आला की भाईंची झोप उडायची. घरी दोन मुली लग्नाच्या होत्या.

अशाच एका महिन्यात साइटवर दोर तुटून माल कोसळला, एकाचा पाय मोडला. मॅनेजरने खापर फोडलं माल चढवणाऱ्या गुहागरच्या सुधाकरवर. खरं तर तो झिजलेला दोर भाईंनी बाजूला काढला होता आणि मॅनेजरनेच दमदाटी करून नेला होता. हे ठाऊक फक्त भाईंना, आणि त्यांनी सांगितलं म्हणून मला. सुधाकरला घरी धाडायचं ठरत आलं होतं, तेवढ्यात अर्बाबने भाईंना बोलावलं.

सकाळपासून भाई स्टोअरमध्ये येरझारा घालत होते. समोरचा चहा गार झाला.

"त्या जज्जाला घाम फुटत असेल का रे?"

"पुस्तकात काय लिहिलंय?"

"तेवढंच लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "भाई, गप्प राहा ना. मुलींचं बघा." त्यांनी बटण चाचपलं आणि अर्बाबच्या केबिनमध्ये गेले.

सुधाकर राहिला. भाईंचा व्हिसा काही वाढला नाही. मॅनेजरने तेवढा डाव साधलाच. मला फार राग आला होता, पण माझ्याही व्हिसाचा कागद अर्बाबकडे त्याच मॅनेजरच्या हातून जायचा.

विमानतळावर मी विचारलं, "भाई, खरं सांगा, त्या दिवशी भीती वाटली?"

"वाटली तर. बनियन पिळून काढावं लागलं. पण वर शर्ट होता ना, बंद." मग बॅग उचलत म्हणाले, "त्या जज्जाचं काय, त्याला मरेपर्यंतची खुर्ची."

आजही कुणाच्या बाजूने खरं बोलायला साहेबाच्या दाराशी जातो, तेव्हा मला घाम फुटतोच. दार ढकलण्याआधी मी गळ्याचं बटण लावून घेतो.