साबुकंदाची ओली सालं

मेलेल्या शेळीच्या तोंडाला फेस नव्हता. पहिला संशय मला तिथंच आला.

"मॅडम, औषध घातलंय म्हून लिहा," शेळीचे मालक माणिकराव म्हणाले. "कुणी घातलं ते बी सांगतो. ते बाजूचं घर दिसायलंय का?" पोलीस पाटलांना त्यांनी आधीच बोलावून बसवलं होतं.

मी गुरांची डॉक्टर. पूर्णेजवळच्या त्या गावात पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लस टोचायला गेले होते. गावात जनावर मेलं की पहिला आळ लसीवर येतो. या वेळी मी वाचले, कारण माणिकरावांच्या आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या गोठ्यापर्यंत, माझी सुई अजून पोचलीच नव्हती. एक शेळी गेली होती. दुसरी, गाभण, आडवी पडून धापा टाकत होती. माणिकरावांची बायको सुमनबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

फवारणीचं औषध पोटात गेलं की जनावराची लाळ थांबत नाही आणि डोळ्याची बाहुली बारीक होते. इथं लाळ बेताची, बाहुली मोठी. मी हिरडी उलटून पाहिली तर लालभडक. आपल्याकडं कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किरळ लागते, ती अशीच असते. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात सायनाइड असतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर, पण शरीराला तो वापरता येत नाही. म्हणून रक्त लाल राहतं आणि जनावर गुदमरतं.

"ज्वारीत गेल्या होत्या का?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात कुठली ज्वारी, मॅडम? सकाळपून दावणीलाच हायत. तुमी त्या घरची झाडं बघा आधी. फुलाचा निळा चहा करून पितेत. भातात कसलं तर पान घालतेत अन् राशनचा तांदूळ बासमतीवानी वास मारतो. चांगल्या माणसाची कामं हायत का ही?"

"तुम्ही खाल्लाय तो भात?"

"आमी? त्यांच्या घरचं पाणी बी घेत न्हाई आमी."

"मग वासाचं कसं कळलं?"

"वास काय, वाऱ्यानं येतो," ते म्हणाले.

शेजारी वसंतराव, रेल्वेतून रिटायर झालेले. बौद्ध कुटुंब. नोकरीची बरीच वर्षं केरळात काढून गावाच्या कडेला प्लॉट घेतला आणि घर बांधलं. संशयाचं घर आधी ठरलं होतं, झाडं मागून सापडली, हे माझ्या लक्षात आलं आणि मला राग आला. पण मला राग आला म्हणून शेजारी निर्दोष ठरत नाही. मी त्यांच्यावरही संशय धरला आणि कुंपणाशी गेले.

वसंतराव तारेपलीकडं उभे होते. बाजूला त्यांच्या पत्नी कुसुमताई. मांडवावर निळी गोकर्ण चढली होती, तिच्याच फुलांचा चहा. हौदाच्या पाझरावर लांब हिरव्या पात्यांचं झुडूप होतं. "ते पांदान. पान भातात टाकलं की वास येतो," वसंतराव म्हणाले. आणि त्यामागं लाल देठांची, पंजासारख्या पानांची उंच झाडं. ती मी ओळखली.

"हा कसावा ना?"

"हो मॅडम. साबुकंद. केरळातून कांड्या आणल्या होत्या. कालच दोन झाडं उपटली."

आपला उपासाचा साबुदाणा याच कंदाचा होतो. कंद सोलायचा, उकडायचा, पाणी ओतून द्यायचं, मग मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. बटाटा मागं पडेल. मात्र कच्च्या पानांत आणि सालींत किरळीचंच विष असतं. म्हणजे विष या घरचंच होतं. माझा संशय पक्का व्हायला लागला. पण तार धड होती. शेळ्या दाव्याला होत्या. त्या तिकडं गेल्या नव्हत्या, कुणीतरी पानं नाहीतर सालं इकडं आणली होती.

माझ्या पेटीत किरळीची दोन इंजेक्शनं कायम असतात. त्यातलं पहिलं स्वतःच जहाल. ते रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी करतं, म्हणून सायनाइड नसताना दिलं तर शेळी माझ्याच हातानं गेली असती. मी सुई भरली आणि मोठ्यानं विचारलं, "काय खाल्लं, किती खाल्लं, मला आत्ता कळलं पाहिजे. नाहीतर ही पण जाईल, पोटातलं पण जाईल."

कुसुमताईंनी सुमनबाईंकडं पाहिलं. सुमनबाईंनी मान खाली घातली.

"मी टाकली," कुसुमताई म्हणाल्या. "साबुकंदाची सालं. इथून, तारेवरून."

"अगं, कधी?" वसंतराव गोंधळून म्हणाले.

"ऐकलं का पाटील? घ्या लिहून," माणिकराव म्हणाले.

"कुठं बांधल्या होत्या शेळ्या?" मी कुसुमताईंना विचारलं.

"त्या लिंबाखाली."

लिंबाखाली शेणाची एक गोळीसुद्धा नव्हती. दावण गोठ्याच्या पलीकडच्या अंगाला होती, तारेपासून दिसतही नव्हती. बाई खोटं बोलत होती, आणि स्वतःच्या अंगावर घेऊन बोलत होती. कशासाठी, ते मला कळेना.

"त्या खोटं बोलायल्यात," सुमनबाई शेळीच्या डोक्यावरून हात न काढता म्हणाल्या. "सालं म्या आणली. घमेलंभर. हिनं अर्धी खाल्ली, दुसरीनं बाकीची."

मी लगेच शिरेत सुई दिली. मागोमाग दुसरं औषध.

ते चाललं असताना सुमनबाई सांगत होत्या. नवरा बाजाराला गेला की त्या कुसुमताईंकडं जायच्या. उकडलेला कंद आणि ठेचा दोघी मिळून खायच्या. भाजीची सालं शेजारच्या शेळीला द्यायची ही आपल्याकडची जुनी रीत, म्हणून येताना सालं आणायच्या. वाळवूनच दे, असं कुसुमताईंनी बजावलं होतं. उन्हात वाळली की विष बरंच उतरतं. त्या पत्र्यावर वाळवून कुट्टीत मिसळायच्या, आजवर काही झालं नव्हतं.

"आज हे लवकर आले," त्या म्हणाल्या. "हातात घमेलं. इचारलं असतं कुठून आणलं. म्हून ओलीच टाकली दावणीत. मह्या भ्यानं मेली ती शेळी."

माणिकराव बायकोकडं बघत राहिले. शेळीनं मान उचलली. थोड्या वेळानं पुढचे पाय टेकले, पडली, पुन्हा उठली. मला फार बरं वाटलं.

"माणिकराव, अर्ज कुणाच्या नावानं लिहू?" पाटलांनी विचारलं.

"ऊन लागून मेली म्हून लिहा."

"ऊन मी लिहिणार नाही," मी म्हणाले आणि रिपोर्टात कसाव्याची ताजी साल लिहिली.

कुसुमताईंनी तारेजवळ ट्रे आणला. कपांत निळा चहा. लिंबू पिळल्यावर तो जांभळा झाला, तसे माणिकराव पुढं आले. "मॅडम, पिऊ नका." मी प्यायले. खरं सांगायचं तर चवीला गरम पाण्याहून फार वेगळा नव्हता. सुमनबाईंनी पदराला हात पुसले, तारेपाशी गेल्या, एक कप उचलला आणि नवऱ्याकडं तोंड करून सगळा प्यायल्या. त्या आता पडतात की काय, अशा नजरेनं ते बघत होते.

जनावर बोलत नाही म्हणून आमचं निदान अवघड, असं कॉलेजात शिकवलं होतं. त्या शेळीनं मला हिरडी दाखवून सगळं सांगितलं होतं. वेळ लागला तो माणसांमुळं.