मी थांबवलेले हात

हे मी कोणालाही सांगितलेले नाही. आईला नाही, माझ्यासोबत हे यंत्र घडवणाऱ्या सहकाऱ्यांनाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही नीट ठाऊक नाही.

यंत्र छाती दाबण्याचे आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीभोवती पट्टा आवळायचा आणि बटण दाबायचे. पुढचे यंत्र करते. कसलेही प्रशिक्षण नसलेल्या माणसाला जमावे, म्हणून पायरीपायरीने सूचना देणारा आवाज त्यात बसवला आहे. तो आवाज माझा.

चाचणीसाठी भवानी पेठेतला टॉवेलचा कारखाना निवडला होता. नियम मीच लिहिलेला: तज्ज्ञाने बोलायचे नाही, मदत करायची नाही, फक्त वेळ मोजायची. सकाळी तिथले विणकर नरसय्यामामा यांच्या छातीवर पट्ट्याचे माप घेतले, तेव्हा ते म्हणाले, "जरा सैल बांधा की मॅडम, आजून जित्ता हाय मी." सगळे हसले. मीही हसले.

दुपारी ते चालू यंत्रमागापाशी कोसळले — खरोखर. श्वास नव्हता. शेजारच्या मागावरचे रफिकभाई गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी त्यांची छाती दाबू लागले. कुठे शिकले होते? मी कधी विचारले नाही. जागा योग्य होती, दाबाची खोली योग्य होती, लयही. हे मला त्याच क्षणी दिसले होते.

तरी मी त्यांचा खांदा धरला आणि कानाशी ओरडले, "हात काढा. मशीन लावा."

त्यांनी हात काढले. मी दोन पावले मागे सरून स्टॉपवॉच सुरू केले.

मागांच्या खडखडाटात यंत्राचा आवाज कोणालाच ऐकू येईना. त्या शेडमध्ये माणसे खुणांनी बोलतात. माझे वडील अशाच शेडमध्ये राबले. घरीसुद्धा पाणी खुणेने मागत. मग हे मला सुचू नये? रफिकभाई पट्टा धरून माझ्याकडे पाहत होते, हातानेच विचारत होते — पुढे काय? मी उत्तर दिले नाही. नियम म्हणून? नाही — ते कारण मी नंतर शोधले. मला पहिली खरी नोंद हवी होती, कोणाच्याही मदतीवाचून झालेली.

शेवटी कोणीतरी मेन स्विच पाडला; माग थांबले, सूचना ऐकू आल्या. पट्टा बांधला गेला. मधली अडीच मिनिटे त्या छातीवर कोणाचाच हात नव्हता. मामा दवाखान्यात वारले. हात थांबवले नसते, तर वाचले असते का? ते सिद्ध करता येत नाही. मला त्याचा आडोसाही नको.

अहवालात मी लिहिले: यंत्र लावण्यापूर्वी छातीदाब सुरू झालेला नव्हता. पुढे, गोंगाटाच्या जागी सूचना दिव्यांनी द्याव्यात, अशी शिफारस केली. शिफारशीचे कौतुक झाले.

पण मला जे सांगायचे आहे, ते हेही नाही.

दहाव्या दिवशी मामांच्या घरी गेले, तेव्हा रफिकभाईंनी मला बाजूला घेतले. "मॅडम, माझं काय चुकलं हुतं का? तुमी थांबवलं म्हणून इचारतो."

मी म्हणाले, "हो. दाब चुकीच्या जागी पडत होता."

त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिले. मग आत गेले आणि मामींसमोर हात जोडून म्हणाले, "माझ्याकडनं लई मोठी चूक झाली, वहिनी." मामी रडता रडता त्यांचीच समजूत काढू लागल्या.

मी उंबऱ्यापाशी उभी होते. सगळे ऐकले. मग चप्पल घातली आणि निघाले.